रहाटामागची वाळू

दोन-तीन वर्षांतून एकदा, शरदातली वादळं सुरू व्हायच्या आधी, आमच्या किनाऱ्यावर मुडदा नव्याने पुरतात. त्या दिवशी माझा नवरा विलाड्स सकाळीच दाढी करायचा, लाकडी जोडे घालायचा आणि वाळूच्या टेकडीवर जाऊन उभा राहायचा. खाली माणसं खणत असायची. कोणी वर बघून हाक मारलीच तर लगेच उतरता यावं म्हणून तो तिथे उभा. कोणी हाक मारायचं नाही. दुपार कलली की घरी यायचा, जोडे उंबऱ्यावर आपटून वाळू झाडायचा आणि म्हणायचा, "चांगलं पुरलंय." मी भांडी जरा जास्तच आवाज करत घासायचे.

मुडदा म्हणजे माणूस नव्हे. नवीन आलेल्या पाद्रीबुवांना एकदा कोणीतरी सांगितलं, उद्या सकाळी आम्ही किनाऱ्यावर मुडदा पुरणार आहोत. ते बिचारे काळा झगा घालून, प्रार्थनेचं पुस्तक काखेत मारून हजर! त्यावर लोक अजून हसतात. मुडदा म्हणजे मोडीत काढलेल्या होडीच्या बुडाचा वासा. आमच्या नॉरक्लिट गावाला बंदर नाही. होड्या लाटांतून थेट वाळूवर येतात आणि टेकडीच्या पायथ्याचा रहाट तारेच्या दोरानं त्यांना वर ओढतो. पण होडी रहाटाकडे यायला लागली की रहाटही होडीकडे जायला बघतो. त्याला मागून धरून ठेवतो तो मुडदा. रहाटाच्या खोपटामागे, पुरुषभर खोल, आडवा पुरलेला. आणि त्याला बांधलेली साखळी एका अरुंद चरातून पुढे रहाटापर्यंत आलेली. ओढ खाऊन खाऊन त्याच्यावरची वाळू सैल होते, म्हणून दोन-तीन वर्षांनी तो उकरून पुन्हा पुरायचा.

परक्या माणसाला वाटतं, वासा जड म्हणून धरतो. विलाड्सला हे ऐकून राग यायचा. "वासा काय डोंबल धरतोय? दोन माणसं सहज उचलतात त्याला. धरते ती पुढची वाळू." वासा ओढला गेला की समोरच्या वाळूवर रेलतो, ती वाळू तिच्या पुढच्या वाळूवर रेलते, आणि तो सगळा ढीग वर उचलल्याशिवाय वाशाला पुढे सरकता येत नाही. म्हणून समोरच्या वाळूला फावडं लावायचं नाही. ती वर्षानुवर्षं बसलेली असते, ती तशीच राहू द्यायची. आणि वाशावर जी नवीन वाळू टाकायची ती थोडी थोडी टाकायची, बादल्यांनी समुद्राचं पाणी ओतायचं आणि तुडवायची. किनाऱ्यावरचे सगळे पुरुष हातात हात गुंफून, रांग धरून तुडवतात. वर एखादं रांगडं गाणं असतं, कोणाच्या तरी बायकोवरून थट्टा असते, नंतर कॉफी आणि केक. ज्याला तुडवायला बोलावतात तो किनाऱ्याचा. ज्याला बोलावत नाहीत, तो गावात राहतो, चर्चमध्ये बसतो, दुकानात पीठ घेतो, पण किनाऱ्याचा नाही. ते कोणी तोंडानं म्हणत नाही आणि सगळ्यांना कळतं.

बायकांना तर तिथे मज्जावच. बाई रहाटाजवळ गेली की दोर तुटतो म्हणे. आम्ही गळांना आमिष लावायचं, मासळी साफ करायची, भिजलेल्या लोकरी मोज्यांचं पाणी पिळायचं. पण किनाऱ्यावर एक आडवी फळी होती, तिच्यापलीकडे पाऊल टाकायचं नाही. आणि जिथे जायचंच नाही तिथलं आम्हाला कोण कशाला सांगतंय? मुडदा कुठे आहे हे प्रत्येक बाईला अंदाजे माहीत होतं. तो कशाच्या जोरावर धरतो, हे एकीलाही माहीत नव्हतं. सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं. त्या शहाण्या पुरुषांपैकी एकानं जरी जेवताना आपल्या बायकोला, आईला सांगितलं असतं, तर माझा नवरा म्हातारपणी असा टेकडीवर ताटकळला नसता.

ही फार पूर्वीची गोष्ट; त्या वेळी रहाट विलाड्सच्या हातात होता. त्याच्या बापाच्याही हातात होता. बाप वारला तेव्हा त्याची होडीही खिळखिळी झाली होती. ती मोडली आणि तिच्या बुडाचा वासा विलाड्सनं मुडदा म्हणून पुरला. चांगला ओकचा वासा. पुरताना तो काही बोलला नाही, पण त्या रात्री जेवताना म्हणाला, "आता बाप मागून धरून आहे." माझा नवरा फार बोलणारा नव्हता. हे त्याच्या मानानं भाषणच झालं.

आमच्या शेजारी आने राहायची, सगळे तिला आनेमाय म्हणायचे. नवरा समुद्रानं नेलेला, एकुलता एक मुलगा लाउस्ट. लाउस्ट धिप्पाड, हसरा, स्वतःची होडी असलेला, आणि आईच्या शब्दाबाहेर नसलेला. आनेमायचे बटाटे आख्ख्या गावात वेगळे होते. साल जांभळट, डोळे खोल. बियाणं तिनं माहेराहून आणलेलं, आणि मागितलं तर हसून विषय बदलायची. हिवाळ्यासाठी बटाटे ती परसात खड्डा करून पुरून ठेवायची; आदल्या वर्षी त्या खड्ड्यात खालून पाणी चढलं आणि निम्मे बटाटे सडले. त्या शरदात तिनं ठरवलं, या वेळी उंचावरची, कोरडी वाळू शोधायची. ती तिला मिळाली. रहाटाच्या खोपटामागे, समुद्राचा वारा न लागणारी, कोणाच्याही मालकीची नसलेली, सुंदर कोरडी जागा.

वादळ चालू होतं. होड्या सगळ्या वर ओढलेल्या, किनारा ओस. विलाड्स तापानं फणफणून अंथरुणात होता आणि मी त्याच्या छातीला मोहरीचा लेप लावत होते. आनेमायनं फळी ओलांडली, खणलं, पेंढा घातला, बटाटे घातले, वर पुन्हा पेंढा आणि आपला जुना निळ्या चौकड्यांचा एप्रन, वर वाळू. वाऱ्यानं एका दिवसात सगळं सपाट करून दिलं. मुडद्याच्या बरोबर पुढे, साखळीच्या चराला लागून, तिनं एक पोकळी करून ठेवली होती. तिला वाटलं, आपण बटाटे ठेवलेत.

वादळ शमलं त्या सकाळी होड्या निघाल्या. विलाड्सचा ताप उतरला होता, पाय लटपटत होते, पण तो गेलाच. साखळीची कडी न् कडी तपासली. खोपटामागे नजर टाकली तर वाळू नेहमीसारखीच. दुपारी वारा पुन्हा उलटला आणि होड्या एकेक करून परत यायला लागल्या. आम्ही बायका फळीशी उभ्या होतो. लाउस्टची होडी शेवटची, मासळीनं भरलेली. ती वाळूला लागली, आकडा अडकला, रहाटाचं इंजिन घरघरलं. होडी निम्मी वर आली असेल आणि मागून एक लाट आत शिरली. मासळी, पाणी आणि होडी, सगळा भार एकदम तारेवर आला. इंजिन गुदमरल्यासारखं झालं. लाउस्ट होडीच्या मागच्या टोकाला खांदा लावून खाली वाळूत उभा होता.

मग खोपटामागची वाळू उठली. मी बघितलंय. फुगली, फुटली, आणि तिच्यातून वाशाचं एक टोक बाहेर आलं. साखळी सैल पडली. रहाट चौकटीसकट पुढे उडाला आणि होडी मागे घसरली, ती लाउस्टच्या पायावरच. आनेमाय माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझा दंड धरला होता, तो काळानिळा पडला होता.

लाउस्ट जगला. पाय मात्र गुडघ्याखाली कायमचा गेला, म्हणजे होता, पण नुसता लोंबणारा. होडीचे तुकडे पुढच्या लाटांनी किनाऱ्यावर पसरले.

ग्रावर्स तेव्हाही होडीवाल्यांचा म्होरक्या होता. मोठा आवाज, लाल मान, आणि एकदा बोललेलं मागे न घेणारा. लाउस्टला गाडीत घालून नेलं आणि तो विलाड्सकडे वळला. सगळ्यांसमोर म्हणाला, "बापाचा वासा ना? कुजलेला होता, पण तुला तोच पाहिजे होता. बापावरचं प्रेम उतू चाललं होतं तुझं."

विलाड्सनं मान खाली घातली. "उद्या खणून बघतो," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच गेला. दुपारी परत आला तो पाठीवर पोतं घेऊन. स्वयंपाकघरात ते खाली ठेवलं आणि माझ्यासमोर एक ओला, वाळूनं भरलेला एप्रन धरला. निळ्या चौकड्यांचा.

"हा कोणाचा, ओळखतेस?"

मी ओळखला. आम्ही सगळ्याच ओळखत होतो; तिनं तो धुवून धुवून विरवला होता. पोत्यात जांभळट सालीचे बटाटे होते. मग तो बसला आणि मला पहिल्यांदा सांगितलं की मुडदा कसा धरतो. टेबलावर पीठ पसरलं, त्यात एक चमचा आडवा पुरला, दोऱ्यानं ओढून दाखवला, हलला नाही. मग चमच्यापुढचं पीठ बोटानं कोरलं आणि ओढला. चमचा अलगद वर आला.

"वासा?" मी विचारलं.

"खणखणीत आहे. एक चीर नाही."

मी उठलेच. "चल. ग्रावर्सच्या घरी जाऊ. हा एप्रन त्याच्या लाल नाकावर फेकू."

"खाली बस, डोर्थे."

"का म्हणून?"

"लाउस्टचा पाय गेला. होडी गेली. आता त्याची आई पण घालवू? तिला कळलं की तिच्या बटाट्यांनी हे झालं, तर ती एक दिवस जगेल का?"

"आणि तू?"

"मला काय होतंय? दोन हिवाळे बोलतील आणि विसरतील."

मी खूप भांडले. मी त्याला घाबरट म्हटलं, गाढव म्हटलं, अजून काय काय म्हटलं ते लिहीत नाही. त्यानं माझ्याकडून शब्द घेतला, आणि मी दिला, कारण तो मागत होता आणि त्यानं माझ्याकडे कधी काही मागितलेलं नव्हतं. संध्याकाळी जाऊन त्यानं ग्रावर्सला सांगितलं, "तुझं खरं. वासा कुजका होता." आणि तो कोणी बघू नये म्हणून त्याच दिवशी करवतीनं त्याचे तुकडे करून घरी आणले. बापाच्या होडीचा वासा आम्ही चुलीत घातला. ओक फार छान जळतो. त्याच्यावर मी ते बटाटे उकडले, आणि आम्ही दोघांनी मान खाली घालून ते मिठाबरोबर खाल्ले.

रहाट ग्रावर्सच्या पुतण्याकडे गेला. विलाड्स सरकारी कामावर टेकड्यांवर गवत लावायला जाऊ लागला. वाळू उडू नये म्हणून लावतात ते, एकेक रोप टोचत, वाकून. दोन हिवाळे गेले. लोक विसरले नाहीत. मुळात लोकांना विसरायचं काही कारणच नव्हतं. माणसानं स्वतः कबूल केलं होतं. "बापाचा वासा" हे गावात म्हणायची गोष्टच झाली. एखाद्यानं जुनी, प्रेमाची पण निकामी वस्तू ठेवली की म्हणायचे, टाक रे, विलाड्सच्या बापाचा वासा आहे तो. एकदा दुकानात माझ्यासमोर एक पोरसवदा माणूस हे म्हणाला, आणि मला बघून त्याचा चेहरा उतरला. मी पिठाची पिशवी उचलली आणि आले. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण शब्द दिलेला.

लाउस्ट दाराशी बसून जाळी विणायचा. विलाड्स रस्त्यानं दिसला की तो तोंड फिरवायचा. मी आपली मनाशी म्हणायचे, फिरव बाबा, तुला काय माहीत. आनेमाय दिसली की विलाड्स थांबायचा, टोपीला हात लावायचा. "गुडघे कसे आहेत, आनेमाय?" ती म्हणायची, "आहेत आपले." आणि घाईघाईनं आत जायची. मला वाटायचं, मुलाच्या पायामुळे तिचा याच्यावर राग आहे. आणि हा मूर्ख रोज थांबून तिची चौकशी करतोय. घरी आल्यावर मी म्हणायचे, "ती तुझ्याकडे बघतसुद्धा नाही, तू कशाला लाळ घोटतोस?"

"म्हातारी आहे," तो म्हणायचा. "चिडू दे."

आणि दर दोन-तीन वर्षांनी दाढी, जोडे, टेकडी. ते बघणं मला सगळ्यात कठीण जायचं. कारण रहाट गेल्याचं त्याला फारसं काही नव्हतं, लोकांच्या थट्टेचंही नव्हतं. त्याला फक्त त्या रांगेत हात गुंफायचा होता. "या वेळी बोलावतील असं वाटतंय," म्हणायचा, "माणसं कमी आहेत." माणसं खरंच कमी होत चालली होती. तरी बोलावलं नाही. एकदा तर पाणी ओतायच्या आधीच तुडवायला लागले तेव्हा तो टेकडीवरून ओरडला, "पाणी! आधी पाणी!" सगळ्यांनी वर बघितलं. ग्रावर्सनं हात झटकला, माशी हाकलावी तसा. विलाड्स घरी आला तेव्हा नेहमीचं "चांगलं पुरलंय" म्हणाला नाही. जोडे काढायचे विसरून खुर्चीत बसला.

यंदा वसंतात त्याची छाती पुन्हा भरली आणि या वेळी मोहरीच्या लेपानं काही झालं नाही. शेवटच्या आठवड्यात मी त्याला विचारलं, "आता तरी सांगू?" त्यानं मान हलवली. "ती अजून आहे ना," म्हणाला. आनेमाय होती, ऐंशी ओलांडली तरी परसात खुरपत होती. तो गेला आणि ती राहिली.

पुरल्यानंतर रीतीप्रमाणे लोक आमच्याकडे कॉफीला आले. पुढच्या खोलीत गर्दी, सगळे काळ्या कोटांत घामेजलेले, केक संपत आलेला. ग्रावर्स आला होता. मेलेल्या माणसाला मान द्यायला आमच्याकडे सगळे येतात. लाउस्ट कोपऱ्यात काठीवर हनुवटी टेकून बसला होता. मी आत कॉफीचं दुसरं आधण ठेवत होते तेव्हा आनेमाय भिंतीला धरत धरत आली आणि बाकावर बसली.

"डोर्थे," ती म्हणाली, "तो खड्डा माझा होता."

मी किटली खाली ठेवली.

"कुठला खड्डा?" मी विचारलं. शब्द इतकी वर्षं पाळलेला. तोंडाला सवयच झाली होती.

"उगाच सोंग करू नकोस. बटाट्यांचा. खोपटामागचा."

"तुला कधी कळलं?"

"त्याच हिवाळ्यात. आधी वाटलं, मी फळी ओलांडली म्हणून झालं. बाई गेली म्हणून. मग एका सकाळी दाराशी टोपली. भरून बटाटे. वरून फडकं नीट खोचलेलं. वाटलं, बिचारीचा हिवाळा कसा जाईल म्हणून कोणी दिले असतील. फडकं काढलं तर माझेच बटाटे! मला माझे बटाटे ओळखता येत नाहीत का?"

टोपलीचं मला काहीच माहीत नव्हतं. पोतं लवकर संपलं असं वाटलं होतं खरं. त्यानं मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की बटाटा म्हणजे नुसता बटाटा नसतो, आणि गावातली कुठलीही बाई तिचे ते जांभळे बटाटे ओळखेल, मग ती स्वतः कशी ओळखणार नाही! पण त्याला वाटलं असणार, म्हातारीचे बटाटे गेलेत, उपाशी राहील, गुपचूप ठेवून येऊ. पुरुषाच्या डोक्यात बटाटा तो बटाटाच.

"टोपली बघितली आणि कळलं," आनेमाय सांगत होती, "की त्याला तिथेच सापडले, आणि त्याला सगळं माहीत आहे. म्हटलं, आज येईल, उद्या येईल. येऊन विचारेल, आनेमाय, हे तुझं काम ना? मी हो म्हणणार होते. देवाशपथ, डोर्थे, रोज सकाळी उठून ठरवलेलं असायचं. तो यायचा, थांबायचा. आणि तो माझे गुडघे विचारायचा!"

"मग तू का नाही बोललीस? तोंडाला काय शिवण घातली होती?"

"मला वाटलं, तो मला टांगून ठेवतोय. रोज दाखवतोय की मला माहीत आहे. मग वर्षं गेली. मग काय तोंडानं बोलणार?"

"आणि लाउस्ट?"

ती एप्रनच्या टोकाशी चाळा करत बसली. "त्याला त्याच ख्रिसमसला सांगितलं. खड्ड्यामुळेच वासा निघाला, हे मला त्यानंच समजावलं. तो म्हणाला, आई, गप्प बस. आईच्या बटाट्यांनी लंगडा झाला म्हणून गाव मला हसेल. आणि विलाड्स स्वतःच वासा कुजका होता म्हणतोय, म्हणू दे की."

मी चुलीकडे बघत उभी राहिले. ज्या मुलापासून आणि ज्या आईपासून ही गोष्ट लपवायला माझ्या नवऱ्यानं बापाचा वासा जाळला, त्या दोघांना ती पहिल्याच हिवाळ्यात माहीत झाली होती. त्यानं कोणालाच वाचवलं नव्हतं. इतकी वर्षं तो कुणाच्या तरी झोपेची राखण करत दाराशी बसला होता, आणि आत सगळे जागे होते. मला त्याची कीव आली, आणि तितकाच रागही आला. तो असता तर मी त्याला त्या क्षणी झोडपलं असतं.

"ऊठ," मी आनेमायला म्हणाले. "बाहेर चल आणि बोल."

"आता? आता काय उपयोग?"

"उपयोगाचं मी बघते. ऊठ."

ती उठली. हे तिचं मोठेपणच म्हणायचं; मी ओढलं नाही तिला, नुसता हात दिला. पुढच्या खोलीच्या दारात उभं राहून तिनं सगळं सांगितलं, एप्रनसकट. बोलताना एकदाही रडली नाही. लाउस्ट काठीकडे बघत होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कोणीतरी बशी टेबलावर ठेवली, ती वाजली. ग्रावर्स म्हणाला, "लाउस्ट, हे खरं?" लाउस्टनं मान डोलावली. ग्रावर्स माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "मग वासा...?"

"खणखणीत होता," मी म्हणाले. "आम्ही त्याच्यावर बटाटे उकडले. केक घे अजून."

लोक उठून गेले. उरलेला केक तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फुलं बदलायला चर्चच्या आवारात गेले, तर फाटकाशी बादल्या ठेवलेल्या. समुद्राच्या पाण्याच्या. आत विलाड्सच्या कबरीच्या वाळूवर माणसं रांग धरून उभी होती, हातात हात गुंफून, रविवारच्या कपड्यांत आणि लाकडी जोड्यांत. मधे ग्रावर्स, टोकाला लाउस्ट, एका हातात काठी. पाणी ओतून झालं होतं. त्यांनी तुडवायला सुरुवात केली होती. गाणं नाही, थट्टा नाही, नुसता जोड्यांचा धपधप आवाज. लाउस्टचा एक पाय पडत होता, दुसरा घासत होता.

क्षणभर मला वाटलं, असू दे. त्याला आवडलं असतं. त्याला हेच तर पाहिजे होतं. मग तो टेकडीवर दिसला मला, दाढी केलेला, वाऱ्यात डोळे बारीक करून खाली बघणारा.

"उतरा," मी म्हणाले.

ते थांबले. ग्रावर्स म्हणाला, "डोर्थे, आम्ही त्याला रांगेत घ्यायला आलोय." त्याचा आवाज त्याचा वाटत नव्हता. "तो किनाऱ्याचाच होता."

"उतर म्हणते ना. त्याला आता काही धरून ठेवायचं नाहीये."

त्यांनी हात सोडवले. एकेक जण वाळूवरून उतरून गवतात उभा राहिला. लाउस्टला उतरायला वेळ लागला, आणि त्याला हात द्यायला मी पुढे झाले नाही. ग्रावर्स टोपी हातात घेऊन म्हणाला, "आम्हाला माहीत असतं तर बोलावलं असतं त्याला."

"माहीत नसतानाच बोलवायचं होतं," मी म्हणाले. "दर वेळी वर उभा असायचा. हाक ऐकू येईल इतक्याच अंतरावर."